ताबेदारीतून सुटका

हिंजवडीची नोकरी सोडून ऑनलाइन गोडा मसाला विकायला घेतला, की पहिलं वाक्य ठरलेलं: 'आता कुणाची ताबेदारी नाही!' खरं आहे. पूर्वी साहेब एकच होता, आता प्रत्येक गिऱ्हाईक साहेब. रात्री साडेअकराला 'फार तिखट नाही ना?' असं विचारतं आणि उत्तराला उशीर झाला, तर एक तारा देऊन मोकळं होतं. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल नागपूरला जातं, कुलूप बघून परत येतं; जाण्यायेण्याचं भाडं मालकाच्या माथी. पगारातून टीडीएस कापला जायचा म्हणून केवढी कुरकुर! आता पोर्टल आधी कमिशन कापतं, मग जीएसटीपोटी ०.५ टक्का टीसीएस, आणि विक्री वर्षाला ५ लाखांपुढे गेली की ०.१ टक्का टीडीएसही. कंपनी पीएफमध्ये १२ टक्के घालायची, तो रकाना कोरा. सुट्टी मात्र हवी तेव्हा! फक्त परतल्यावर आपलं दुकान कितव्या पानावर गेलंय, ते शोधावं लागतं.

एवढं सोसल्यावर धंद्याचं खरं मर्म कळतं. मग मसाला मागे पडतो आणि 'नोकरी कशी सोडावी' हा कोर्स विक्रीला येतो. त्याला ना पार्सल लागतं, ना तो परत येतो.