पाकीट उलटून पाहणारा वऱ्हाडी

परदेशस्थ वऱ्हाडी गृहस्थ अमरावती, अकोला, मूर्तिजापूर, अचलपूर अशा गावांतून निघतो, नागपुरात किंवा पुण्यात इंजिनिअर होतो आणि न्यू जर्सी, डॅलस, लंडन वा मेलबर्नच्या एखाद्या उपनगरात घर घेतो. कपडे, गाडी आणि कर्ज या तिन्ही बाबतींत तो इतर भारतीयांसारखाच असतो. ओळखू येतो तो किराण्याच्या दुकानात. बाकीची गिऱ्हाइके पाकिटाची दर्शनी बाजू पाहतात. हा पाकीट उलटे करतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि मागची बारीक अक्षरे सातबारा तपासावा तशी तपासतो. मालक कोण याच्याशी त्याला कर्तव्य नसते. बोजा कुठे चढवला आहे एवढेच त्याला हवे असते.

गावी असताना हाच गृहस्थ काहीही वाचत नसे. अमरावतीत गिला वड्याच्या गाडीपुढे उभे राहून तेल कोणते, दही कुठले, असे कोणी विचारले असते तर त्याला लोकांनी वेड्यात काढले असते. शेगावच्या स्टेशनावर गाडी दोन मिनिटे थांबते, तेवढ्यात कचोरी हातात आणि पैसे फलाटावरच्या पोऱ्याच्या हातात जातात. चौकशीला वेळच नसतो. गावात वाणी ओळखीचा असतो, हलवाई बापाच्या ओळखीचा असतो आणि खानावळीच्या पाटीवर ‘शुद्ध शाकाहारी’ लिहिलेले असते. परदेशात ओळखीचे कोणीच नसते. माणसे गेली की त्यांच्या जागी नियम येतात, आणि वऱ्हाडी माणूस नियम पाळू लागला की सरकारी बाबूलाही मागे टाकतो.

या गृहस्थाचे पूर्वज थोर होते. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १९०८ मध्ये टिळकांच्या अपिलासाठी विलायतेला गेले. पापळचे पंजाबराव देशमुख एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्ये देशी खेळ दाखवून आले. त्या काळी परदेशी जाणाऱ्यापुढे उकडलेला बटाटा असे आणि परतल्यावर काहींच्या पुढे प्रायश्चित्ताचा प्रश्न असे. आताच्या पिढीला प्रायश्चित्त नाही, पण पाकिटे आहेत.

पाकिटातले शत्रू ठरलेले असतात. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेले जिलेटिन गोळ्यांमध्ये असते आणि काही कंपन्यांच्या दह्यातही सापडते. चीज घट्ट करायला वासराच्या जठरातले रेनेट वापरलेले असू शकते. डब्यातल्या घेवड्यात डुकराची चरबी निघते, निरुपद्रवी दिसणाऱ्या वूस्टरशर सॉसमध्ये मासळी. गावी हिरवा ठिपका पाहून डोळे मिटणाऱ्या माणसाचे या यादीने डोळे उघडतात आणि अशा वेळी त्याला ऑफिसातला एखादा ज्यू सहकारी भेटतो. पाकिटाच्या कोपऱ्यात वर्तुळात बसवलेले इंग्रजी ‘यू’ हे अक्षर तो दाखवतो. न्यू यॉर्कच्या ऑर्थोडॉक्स युनियन या संस्थेची ती खूण. माल कोशर आहे, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसतो, याची ती हमी. शेजारी ‘डी’ असेल तर पदार्थात दूध आहे. कोशरमध्ये मांस आणि दूध एकत्र चालत नाही, तेव्हा दूध आहे म्हणजे मांस नाही, असे गणित वऱ्हाडी गृहस्थ तिथल्या तिथे सोडवतो. दोन्ही नसलेल्या पदार्थाला ‘पारेव्ह’ म्हणतात हे कळल्यावर तर आपल्यासाठीच एवढी मोठी यंत्रणा कोणी उभी केली, अशा कृतज्ञतेने तो भारावतो. अंडी आणि मासेही पारेव्हमध्येच मोडतात, हे त्याला पुढच्या आठवड्यात समजते. मग पाकीट पुन्हा उलटे होते.

तरीही या धर्मशास्त्राशी त्याचे जमते. पालेभाजीत अळी-किडा जाऊ नये म्हणून कोशर स्वयंपाकघरात पान न् पान उजेडात धरून पाहतात. वऱ्हाडी बाई वांगे चिरताना हेच करते, फक्त तिने त्याची संस्था काढलेली नाही. सरकीच्या तेलाची हकीकत तर त्याची विशेष आवडती. सिनसिनाटीच्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने १९११ मध्ये सरकीचे तेल प्रक्रियेने घट्ट करून ‘क्रिस्को’ नावाचे वनस्पती तूप बाजारात आणले. ते दुधाचे नाही आणि चरबीचेही नाही, म्हणून कंपनीने ते ज्यू घरांना आवर्जून विकले. १९३३ मध्ये ज्यू गृहिणींसाठी पाककृतींची पुस्तिकाही काढली. ज्या सरकीची ढेप अकोल्याच्या म्हशी खातात तिनेच ज्यू गृहिणीचा दूध-मांसाचा पेच सोडवला, हे तो प्रत्येक पार्टीत सांगतो. दर वेळी सांगताना आजोबांचा कपाशीचा पेरा चार एकरांनी वाढतो.

मराठी बोलणाऱ्यांत खरे कोशर पाळणारे म्हणजे कोकणातले बेने इस्रायल ज्यू. मटणाच्या रश्शात त्यांनी दही-साय कधी येऊ दिली नाही; नारळाचे दूध वापरले. त्यातले बहुतेक इस्रायलला गेले, पण लोद, अश्दोद, दिमोनाच्या घरांत नारळाचे दूध चालूच राहिले. वऱ्हाडी गृहस्थाला त्यांचा नियम पटतो, नारळ पटत नाही. रश्शाला सुके खोबरे, तीळ आणि वर बोटभर तर्री लागते, यावर त्याचे मत ठाम असते.

या गृहस्थाच्या शाखा अनेक आहेत. गळ्यात तुळशीची माळ असलेला वारकरी, ऋद्धपूरच्या परंपरेतला महानुभाव आणि कारंजा-लाड किंवा शिरपूरकडचा जैन या तिघांना पाकीट सारखेच छळते. जैनाला बटाटा आणि कांदाही वर्ज्य, त्यामुळे त्याला परदेशात दुकानापेक्षा देवळाचाच आधार जास्त. उरलेली शाखा सर्वांत मोठी, तिला सोयीसाठी करीची शाखा म्हणावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, गावी या शाखेच्या घरी मटण होते. पण ते घरात होत नाही. परसात वेगळी चूल, वेगळी पातेली, शिजवणारे बहुधा पुरुष, आणि आजी दिवसभर त्या बाजूला फिरकत नाही. ज्यू घरांत मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी ठेवतात, हे ऐकून करीच्या शाखेला नवल वाटत नाही. आपल्या घरी तेच आहे, एवढे सांगून ती गप्प बसते. परदेशात परसाची जागा गॅरेज घेते. उणे दहा तापमानात गॅरेजचे दार अर्धे उघडून, जाड कोट घालून रस्सा ढवळणारा सॉफ्टवेअर आर्किटेक्ट दिसला तर त्याची बायको माळकऱ्याची मुलगी आहे असे समजावे.

एकादशीला माळकरी आणि करीची अशा दोन शाखांची परीक्षा होते. तिथी सूर्योदयावरून धरतात, आणि शिकागोत सूर्य अकोल्यानंतर दहा-अकरा तासांनी उगवतो. त्यामुळे अकोल्यात बुधवारी असलेली एकादशी तिथे मंगळवारीच येऊ शकते. माळकरी गृहस्थ वाद नको म्हणून दोन्ही दिवस धरतो. करीचा गृहस्थ मंगळवारी कालनिर्णय प्रमाण मानतो आणि बुधवारी स्थानिक सूर्योदय.

भाकर हा या सर्वांचा समान विषय आहे. अमेरिकेत ज्वारी कमी नाही; कॅन्सस राज्यात ती सर्वाधिक पिकते, रस्त्याच्या दोन्ही अंगांना क्षितिजापर्यंत उभी असते. पण ती जनावरांच्या खाद्याला जाते, इथेनॉलला जाते, जहाजात भरून चीनला जाते. पाचशे एकर ज्वारी डोळ्यांनी पाहून आलेला गृहस्थ संध्याकाळी दुकानात ग्लूटेन नसलेल्या पदार्थांच्या फळीवर तिचेच छोटे पाकीट शोधतो आणि किंमत पाहून मनात रुपयांत गुणाकार करतो. ते पीठ कधी दळलेले असते कोण जाणे. जुन्या पिठात चिकटपणा राहत नाही, भाकर थापता थापता चिरते. मग उकळत्या पाण्यात मळण्याचे शास्त्र आईकडून व्हिडिओ कॉलवर शिकले जाते. विजेच्या शेगडीवर भाकरीला पापुद्रा सुटत नाही, म्हणून घर घेताना इतर लोक शाळेची प्रत पाहतात तेव्हा हा स्वयंपाकघरात गॅसची नळी शोधतो. इकडे वऱ्हाडात ज्वारीची शेते सोयाबीनने व्यापली आणि अकोल्यातल्या बहिणीच्या घरी रोज पोळी असते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले तेव्हा तिने भावाला फोनवर विचारले, “तू अजून भाकरच खातं काय रे? आमच्याइकडं तं पाहुणे आल्यावर करतो.”

ठेच्याचा प्रश्न त्याने जवळजवळ सोडवला आहे. हालापेन्यो त्याच्या लेखी मिरचीत जमा नाही. सेरानो बरी, थाई मिरची चांगली. मिक्सरमधला ठेचा पाणचट होतो म्हणून तो दगडाच्या शोधात निघतो आणि मेक्सिकन दुकानात पोचतो. तिथला मोल्काहेते हा तीन पायांचा खल काळ्या बेसॉल्टचा, म्हणजे ज्या दगडाचे गावचे पाटे-वरवंटे घडतात त्याच जातीचा असतो. तो विकत घेताना गृहस्थाचे डोळे भरून येतात. मिरच्या तव्यावर टाकल्यावर घरातल्या सर्वांचेच येतात. धुराचा भोंगा वाजू लागतो. त्याच्याखाली टॉवेल हलवत उभे राहणे हे या घरातल्या मुलांचे पहिले गृहकृत्य.

मराठी मंडळात तो वर्गणी भरून जातो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. त्यांच्या कार्याबद्दल त्याला आदर आहे. पण गणपतीच्या पंगतीत गोड आमटी वाढली की तो बायकोच्या कानाशी लागतो. “वरणात साखर टाकते हे लोकं. जेवन हाय का प्रसाद हाय?” पुढच्या वर्षी पातोडीचा रस्सा करण्याची जबाबदारी तो स्वतःहून घेतो. तो रस्सा खाऊन पुण्याकडचे तीन जण पाण्याचा मोठा जार घेऊन बाहेर जातात आणि त्याला पुन्हा कोणी विचारत नाही.

या सगळ्या व्यवस्थेचा कळस म्हणजे आईचे आगमन. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईची विमाने सुरू झाली. त्यामुळे अमरावतीकर हल्ली आईच्या प्रवासाचे वर्णन विमानापासून सुरू करतो आणि अकोलेकर विषय बदलतो. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगांत तिखट, जवसाची चटणी, मुगवड्या आणि आंब्याचे लोणचे असते. कुरडया फुटू नयेत म्हणून त्या नव्या गोधडीत गुंडाळलेल्या असतात. तिच्या स्वतःच्या साड्या दोन. विमानतळावरचा अधिकारी काडीवर वळून वाळवलेले सरगुंडे हातात घेऊन हे काय म्हणून विचारतो, आणि मुलाने फोनवर पढवून ठेवल्याप्रमाणे ती “पास्ता” म्हणते. सरगुंडे गव्हाच्या पिठाचेच असल्याने यात खोटे काही नसते.

आठवडाभरात तिला करमेनासे होते आणि ती फिरायला जाते. फुटपाथच्या फटीत तिला घोळ दिसते. उन्हाळ्यात वऱ्हाडात जी चिवळ आठवणीने खातात, तिच्याच कुळातली ही भाजी. अमेरिकन माणूस तिला तण समजून फवारा मारतो. माय ओचा भरून भाजी आणते आणि मुलगा फवाऱ्याच्या भीतीने ती गुपचूप फेकून देतो. यावर घरात दोन दिवस अबोला राहतो. शेवटी तोच मेक्सिकन दुकानदार मदतीला येतो. त्याच्याकडे घोळीच्या जुड्या रीतसर विकायला असतात. अंबाडीसाठी तेलुगू दुकान असते, कारण आंध्राचा गोंगुरा म्हणजे अंबाडीच. प्रकट दिनाला गजानन महाराजांना चून-भाकर आणि अंबाडीच्या भाजीचा नैवेद्य लागतो, त्यामुळे फेब्रुवारीत वऱ्हाडी घरांचे तेलुगू शेजाऱ्यांशी संबंध फार सुधारतात.

उन्हाळ्यात एका रविवारी रोडग्यांची पंगत ठरते. सार्वजनिक उद्यानात कोळशाची शेगडी आरक्षित केली जाते. गोवऱ्या भारतीय दुकानात मिळतात. पाकिटावर ‘धार्मिक उपयोगासाठी, खाण्यासाठी नव्हे’ असे छापलेले असते, आणि पाकीट उलटून वाचायच्या सवयीमुळे गृहस्थ तेही मोठ्याने वाचून दाखवतो. कणकेचे गोळे निखाऱ्यात भाजले जातात, वांग्याची भाजी होते. वरण घट्ट असावे की पातळ, यावर अकोला आणि अमरावती असे दोन तट पडतात. धूर पाहून उद्यानाचा रखवालदार येतो. त्याच्या हातात तुपात बुडवलेला रोडगा ठेवला जातो आणि तो नियम सांगायचा विसरतो.

उरलेल्या रोडग्यांचा चुरमा करून गृहस्थ सोमवारी ज्यू सहकाऱ्यासाठी नेतो. सहकारी आभार मानतो, पण घेत नाही. ज्या भांड्यात तो झाला ते कोशर नाही. गृहस्थाला मुळीच वाईट वाटत नाही, कारण मागच्या महिन्यात सहकाऱ्याच्या मुलाच्या वाढदिवसाचा केक त्यानेही अंड्याच्या संशयावरून तसाच परत केलेला असतो. दोघे आपापला डबा उघडतात. जेवणानंतर एक संत्रे सोलून अर्धे-अर्धे होते. अख्ख्या फळाला कोणाचीच खूण लागत नाही. ते फ्लोरिडाचे असते, आणि वरूड-मोर्शीच्या संत्र्याची सर याला नाही, हे गृहस्थ पहिली फोड तोंडात घालण्याआधीच सांगून टाकतो.