कोडिंगदाजी

शिरोळ तालुक्यात नवी मोटार आली, की तिने आधी कुठे जायचं हे ठरलेलं आहे. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हार आणि गाडी थेट नरसोबाच्या वाडीला. दत्ताचं दर्शन झालं, बासुंदी आणि कवठाची बर्फी बांधून घेतली, की परतीच्या वाटेवर दुसरं दैवत लागतं. ते म्हणजे कोडिंगदाजी. कुणाच्या तरी बहिणीचा नवरा म्हणून ते शिरोळात आले आणि बघता बघता तालुक्याचे दाजी होऊन बसले. नेमके कुणाचे, हे आता कुणालाच आठवत नाही.

दाजींना मेकॅनिक म्हटलं की ते दोन दिवस बोलत नाहीत. त्यांच्या हाताला ऑइल लागलेलं कुणी पाहिलेलं नाही. त्यांची हत्यारं दोनच: बिजागरी मोडल्यामुळे विटेला टेकवून ठेवलेला लॅपटॉप आणि तो गाडीच्या संगणकाला जोडणारी, पेनसिल्व्हेनियातल्या रॉस-टेकची अस्सल केबल. ‘चायना केबल’ हा शब्द त्यांच्या अंगणात शिवी धरला जातो. असा माणूस हल्ली तालुक्यागणिक एक तरी निघतो. पूर्वी रेडिओ उघडून बसणारे होते, मग गच्चीवर छत्री फिरवत ‘आलं का चित्र?’ ओरडणारे आले. वंश तोच, फक्त आता तो मोटारीत शिरला आहे.

दाजींचं तत्त्वज्ञान मात्र उसाच्या फडात तयार झालं आहे. कारखानदार काट्यावर वजन मारतात आणि साखरेचा उतारा कमी दाखवतात, हे इथला ऊसकरी आईच्या दुधाबरोबर शिकतो. सव्वादहा टक्के उताऱ्याला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला दर, वरच्या प्रत्येक दशांशाला जादा पैसे. म्हणजे उतारा दडवला की पैसा दडला. दरवर्षी जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत बसून भाषणं ऐकलेला माणूस मोटार कंपनीवर विश्वास ठेवील होय?

“गाडीत समदं भरल्यालं असतंय,” दाजी सांगतात. “वरच्या मॉडेलला लाखभर जादा घ्यायचं आणि खालच्याला तेच कुलपात घालून द्यायचं. मालक, तुमच्या गाडीचा उतारा दाबलाय. मी फकस्त काढून देतोय.”

यातलं निम्मं खरं आहे. दोन्ही मॉडेलांत दिव्यांचा कारभार बघणारा डबा बऱ्याचदा एकच असतो आणि अंधारात आपोआप दिवे लागण्यासारखी एखादी सोय त्यात नुसती बंद करून ठेवलेली असते; ती लॅपटॉपवरून उघडणं म्हणजेच कोडिंग. उरलेलं निम्मं दाजी हळू आवाजात सांगतात. आरशामागे काचेला चिकटलेला पाऊस-उजेडाचा सेन्सर नसेल, दिव्याच्या गोल बटणावर ‘ऑटो’ची खूण नसेल, तर कोडिंग कितीही करा, गाडीला संध्याकाळ झालेली कळत नाही. मग सेन्सर मागवा, बटण मागवा. कुलपाची किल्ली फुकट असते, कपाट विकत घ्यावं लागतं.

प्रत्यक्ष विधी बघण्यासारखा असतो. स्टीअरिंगखाली, गुडघ्यापाशी सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. गाडी वापरून टायर झिजले तरी मालकाला त्याचा पत्ता नसतो. दाजी आधी बॅटरीला चार्जर लावतात, कारण मध्येच व्होल्टेज पडलं तर देवही सोडवायला येत नाही. मग पूर्ण स्कॅन. मग जुनं कोडिंग कारखान्याच्या वार्षिक अहवालाच्या कोऱ्या पाठीवर पेनाने उतरवून घेतात. अहवालाचा एवढा सदुपयोग तालुक्यात दुसऱ्या कुणी केलेला नाही. मग ‘शून्य नऊ’ उघडतं, सेंट्रल इलेक्ट्रिक्स, म्हणजे तोच दिव्यांचा डबा. एकेका बाइटमध्ये आठ बिट, एकेका बिटात एकेक सोय. मालक शेजारच्या सीटवर, ईसीजी काढताना पडून राहावं तसा गप्प. “डोक्यात हात घातलाय गाडीच्या, आता बोलू नगा.”

शेवटी दाजी बाहेर येतात आणि आरशासमोरच्या काचेवर खांद्यावरचा टॉवेल टाकतात. भर दुपारी गाडीला रात्र होते. क्षणभर काहीच नाही. मग दोन्ही दिवे लख्ख. “लागली!” पोरं ओरडतात. पैसे ते घेत नाहीत. चहा त्यांचाच आणि व्याख्यानही त्यांचंच. ते संपेपर्यंत किल्ली परत मिळत नाही.

अशा दिव्याची इथे गरज आहेच. हंगाम सुरू झाला की रात्री एक ट्रॅक्टर, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या, रिफ्लेक्टर बहुधा नाहीच. ट्रॅक्टरवरची गाणी लांबून ऐकू येतात, ट्रॉली दिसत नाही. म्हणून दाजींनी स्वतःची पोलो अशी हळवी करून ठेवली आहे, की झाडाची दाट सावली आली तरी दिवे लागतात. (2022 मध्ये भारतात पोलो बंद झाली, तेव्हा त्यांनी सुतक पाळल्याचं बोललं जातं.) 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही जळतो, हे अजून न पचलेलं आपलं गाव; ते समोरून पाचही बोटं उघडमिट करून खुणावणारच. “ओ पाव्हणं, लाइट चालू हाय!” दाजी गाडी बाजूला घेतात, उतरतात आणि त्या बिचाऱ्याला सेन्सरपासून सगळं समजावतात. त्याच्या मोटारसायकलवर दुधाच्या किटल्या उन्हात तापत असतात.

दाजींच्या कीर्तीला गालबोट लागलं ते ‘कमिंग होम’ने. गाडी बंद करून उतरलं की पुढचे दिवे थोडा वेळ जळत राहतात, मालकाला दारापर्यंत उजेड. दाजींनी ते भक्तिभावाने सगळ्यांना अर्ध्या मिनिटाचं करून दिलं. आठवड्यात गिऱ्हाइकं परत यायला लागली. धाब्यावरून मध्यरात्री चोरपावलांनी येणाऱ्या माणसाच्या घरावर अर्धा मिनिट फोकस. कुत्रं उठतंय, म्हैस उठतीय, शेवटी घरची मंडळी कंदिलासारखे डोळे करून दारात.

“दाजी, ते तेवढं काढा.”

“काढायचं न्हाई. उतारा हाय तुमचा. दहा सेकंदांवर आणतो.”

गिऱ्हाईक डोळे मिटून फाटकापासून मागच्या दारापर्यंतचं अंतर मनात चालून बघतं. “दहात न्हाई बसत,” ते म्हणतं. “मधी गोबरगॅसला वळसा हाय.”