पाळण्यातले पाय

माझ्या उष्टावणाला पाटापुढे पेन, पुस्तक, सोन्याची अंगठी असं भविष्य मांडून ठेवलं होतं. ते सगळं ओलांडून मी रांगत उंबऱ्यापाशी गेलो आणि मामाची चप्पल तोंडात घातली. आजी म्हणाली, फिरतीची नोकरी लागणार. आजोबांना माझ्यात पुढारी दिसला. मामी म्हणाली, पोटात जंत होतील. तेवढं एकच भाकीत खरं ठरलं.

आठव्या वर्षी मी बाबांचं गजराचं घड्याळ उघडलं. परत जोडल्यावर तीन स्क्रू उरले, तरी ते चालू लागलं! बाबांनी चाळभर जाहीर केलं, पोरगा इंजिनिअर होणार. मग शेजारच्या काकूंनी मोठ्या विश्वासाने मिक्सर आणून दिला. पुढे कितीतरी वर्षं त्या पाट्यावरच वाटत होत्या. आज मी ऑडिटर आहे. आई पाहुण्यांना सांगते, "दुसऱ्याचं उघडून काय उरतंय ते बघायची खोड त्याला तेव्हापासूनची." मी सर्जन झालो असतो, तर ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नसती.

१९७०च्या सुमारास स्टॅनफर्डला वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांपुढे मार्शमॅलो ठेवला. १५ मिनिटं दम धरलास तर दोन मिळतील! दम धरणारी मुलं पुढे अभ्यासात सरस निघाली म्हणे, आणि आयांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. २०१८ साली जास्त मुलं घेऊन, घरची परिस्थितीही हिशेबात धरून पाहिलं, तर तो संबंध बराच विरला. आमच्याकडे हा प्रयोग दर दिवाळीत माळ्यावरच्या चकल्यांच्या डब्यावर होई. मी दम धरायचो, कारण माळ्याखाली आजी बसलेली असे. दादा मात्र डब्यात वर्तमानपत्र कोंबून वर चकल्यांचा एक थर रचून ठेवायचा. तो आता बँकेत आहे. त्याच्या शाखेचं काम माझ्याकडे येऊ नये, एवढीच प्रार्थना.

सचिन तेंडुलकर लहानपणी साहित्य सहवास वसाहतीत झाडावरून पडला आणि त्याच्या भावाने त्याला १९८४ साली शिवाजी पार्कात आचरेकर सरांकडे नेलं. झाडावरून मीही पडलो. दादाने मला हाडवैद्याकडे नेलं.

परवा माझ्या चार वर्षांच्या लेकीने तांदळाच्या डब्यात टीव्हीचा रिमोट पुरला आणि उगवावा म्हणून वर तांब्याभर पाणी घातलं. मी म्हटलं, "आई, हिचं काय होणार गं पुढे?"

ओले तांदूळ पंचावर पसरत आई म्हणाली, "आधी होऊ तर दे. मग सांगते, तेव्हाच कसं दिसलं होतं ते."