चोवीसतासे काका

जबलपूरकडच्या मराठी घरात संध्याकाळी जाल, तर ‘किती वाजले?’ असं चुकूनही विचारू नका. आतल्या आरामखुर्चीतून "अठरा बेचाळीस!" असा आवाज येईल आणि तुम्ही त्यातून बारा वजा करेपर्यंत चहावर साय धरेल.

असे काका या भागात फार. पीकच आहे म्हणा ना! एकीकडे लष्कराची केंद्रं, १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना, दुसरीकडे रेल्वे. मुंबईहून आलेले रूळ आणि कलकत्त्याहून आलेले रूळ १८७० साली भेटले ते जबलपुरातच, आणि २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालयही इथंच. सकाळ-संध्याकाळवर मुळीच विश्वास न ठेवणारी ही दोन खाती. माणूस निवृत्त होतो, पण त्याच्या तोंडातली वेळ नोकरीवरच राहते.

आमच्या माहितीतले काका निवृत्त गार्ड. मझौलीला घर बांधून राहिलेत. वराहाच्या देवळाकडून येताना शेजाऱ्यानं कथेचं आमंत्रण दिलं, "रात आठ बजे आइए." काकांनी खात्री करून घेतली, "मतलब, बीस?" शेजारी घाबरला. "अरे नहीं साहब, बस आप और भाभीजी!"

घरातल्या भिंतीवरच्या घड्याळात प्रत्येक आकड्याखाली लाल स्केचपेननं तेरा ते चोवीस लिहिलेले आहेत. काकू त्याकडे ढुंकून पाहत नाहीत. त्या बारावाल्या. त्यांचं म्हणणं साधं, "बाहेर अंधार आहे की उजेड, एवढं मला दिसतं हो." घरात मोबाइल एकच. काका सकाळी सेटिंगमध्ये जाऊन चोवीस तास चालू करतात, काकू दुपारी बंद करतात. नातवाच्या मते, त्या एका बटणाइतकं त्या फोनमधलं दुसरं काही वापरलं जात नाही.

काकांचा हुकमी प्रश्न एकच, "दुपारचे बारा म्हणजे एएम की पीएम?" समोरचा अडखळला की ते विजयानं पान लावायला घेतात. प्रश्न बिनतोड आहे, हे मान्य करायला हवं.

पण गेल्या चातुर्मासात काकूंनी पंचांग उघडलं. एकादशी समाप्ती, २७ वाजून १२ मिनिटं. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि छपाईची चूक म्हणून निकाल दिला. काकू शांतपणे म्हणाल्या, "चूक कसली? पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. पहाटेचे तीन बारा आदल्याच दिवसात. तुमची गाडी चोवीसला थांबते, आमची पुढं जाते." काका बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "चोवीसच्या पुढं यांना लाइन क्लिअर दिली कुणी?"

त्यानंतर ते पंचांग त्यांनी टेबलाच्या पायाखाली घातलं होतं म्हणतात. काकूंनी ते काढून देवघरात ठेवलं.

माझं मत विचाराल, तर काकांना वेळ अचूक हवी असते यावर माझा विश्वास नाही. दिवसभरात त्यांना गाठायची एकही गाडी नसते. ‘अठरा बेचाळीस’ म्हटलं की अंगावर पुन्हा पांढरा गणवेश चढतो, एवढंच. मझौलीचा सूर्य तसाही प्रमाणवेळेच्या घड्याळापेक्षा दहाएक मिनिटं मागं चालतो. त्याची काकांना मुळीच फिकीर नाही. सूर्य त्यांच्या खात्यात नव्हता.

एका बाबतीत मात्र सगळी मझौली त्यांचं ऐकते. सिहोरा रोडला किंवा जबलपूरला मध्यरात्रीची गाडी धरायची असली की लोक तिकीट घेऊन आधी काकांकडे येतात. पंधरा तारखेचं, ००.२० चं तिकीट खिशात घालून पंधराच्या रात्री पोटभर जेवून निघालेली आणि पुलावरून रिकामे रूळ पाहून परतलेली कुटुंबं काकांनी नोकरीभर पाहिली आहेत. गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. तिकिटातला शून्य पाहिला की काकांचा आवाज चढतो आणि काकूसुद्धा तेव्हा मध्ये बोलत नाहीत.

तेव्हा चोवीसवाले असा की बारावाले, तिकिटावरची वेळ दोन शून्यांनी सुरू होत असेल, तर छापलेल्या तारखेच्या आदल्या रात्रीच स्टेशनवर जा.