मग विकली कशाला?

जुनी गाडी घेतलेल्या माणसाला लोक पेढा तोंडात टाकता टाकता एकच प्रश्न विचारतात, ‘एवढी चांगली होती, तर विकली कशाला?’ आम्ही इनोव्हा घेतली, २०१२ची. आईचे गुडघे, पोरं, कोल्हापूरची सासुरवाडी आणि गणपतीत निघणारं बिऱ्हाड, यांना छोट्या गाडीत कोंबणं आता शक्य नव्हतं. एजंट म्हणाला, ‘सिंगल हँड आहे साहेब. डॉक्टरांची गाडी.’ आपल्याकडचे डॉक्टर पेशंट कधी तपासतात कोण जाणे. गाड्या मात्र सतत विकत असतात.

‘इनोव्हाला काही होत नाही,’ असं सगळेच सांगतात. घोर लागतो तो त्यामुळेच. काही होत नाही अशी गाडी माणूस हातची सोडेल का?

अर्थतज्ज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली नेमक्या याच शंकेवर निबंध लिहिला. खोट विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरसकट भाव पाडून मागतो, आणि त्या भावात चांगल्या गाडीचा मालक बाजारात फिरकतच नाही. २००१च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. आमच्या वॉचमनने हेच गेट उघडता उघडता ऐकवलं.

मग मी रात्री मोबाइलचा टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये हिंडू लागलो. मीटर म्हणतो एक लाख दहा हजार. क्लचच्या पेडलचं झिजलेलं रबर काही वेगळंच म्हणतं. टायरवरचे चार आकडे वाचायला शिकलो : ३६१९ म्हणजे २०१९चा छत्तिसावा आठवडा. स्टेपनी मात्र २०१२चीच. म्हणजे गाडी कधी पंक्चरच झाली नाही, की स्टेपनी दुसऱ्याच गाडीची? खंबाटकी घाटात मागून टक्-टक् ऐकू आलं, तेव्हा सगळ्यांना गप्प करून गाडी बाजूला घेतली. आईच्या पानाच्या डब्यात अडकित्ता वाजत होता.

शेवटी मेकॅनिक गाठला. त्याने इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं, वर हात धरला. ‘बॅक कॉम्प्रेशन नाही. टायमिंग बेल्ट कधी बदललाय?’ काय सांगणार? हा बेल्ट कव्हरच्या आत असतो, दीड लाखाच्या सुमारास बदलायचा असतो, आणि चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनाचं काम निघतं. ‘मीटरचा भरवसा वाटत नसेल तर बदला आणि झोपा निवांत,’ तो म्हणाला. बदलला. तेव्हापासून झोप बरी लागते, टक्-टक् मात्र अजून ऐकू येते. अडकित्ता घरी असला तरी.

तुम्ही गाडी विकायला काढली असेल, तर एक विनंती. फॉर्म २९, फॉर्म ३०, आरसी, विमा हे तर द्यालच. त्यासोबत वर्कशॉपच्या बिलांची फाइलही द्या. चुरगळलेली, चहाचे डाग पडलेली बिलं चालतील. फक्त रद्दीत घालू नका.