गुलाबी संशोधक

परकी भांडवल आले की त्यामागून संशोधन येते, असे अर्थतज्ज्ञ सांगतात. त्यांनी एकदा चोपडा तालुक्यातल्या कपाशीच्या वावरात यावे. इथे संशोधन जोरात आहे. ते करते कोण, एवढेच पाहायचे.

1998 मध्ये अमेरिकेच्या मोन्सँटोने जालन्याच्या महिकोत 26 टक्के हिस्सा घेतला. 2002 मध्ये त्यांच्या बोंडअळीला मारणाऱ्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बोंडअळीच्या फवारण्या घटल्या, कापूस वाढला. खोटे कशाला बोला? मग 1970 मध्ये सुरतेत जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस काढणाऱ्या या देशाची प्रतिभा पुन्हा जागी झाली. दहा वर्षांत हजारावर बीटी वाण मंजूर झाले. बहुतेकांत जनुक तेच, परवान्यावर आणलेले. पाकिटावरचे बोंड मात्र दरसाल टपोरे होत गेले. संशोधन तिकडे, विकास पाकिटाचा!

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने ‘बिकानेरी नरमा’ हे स्वदेशी बीटी वाण आणले. चौकशीत आत मोन्सँटोचेच जनुक निघाले. तंत्रज्ञानाचे इतके गुपचूप हस्तांतर जगात कुठे झाले नसेल.

खरे काम केले गुलाबी बोंडअळीने. ना अनुदान, ना प्रयोगशाळा. तिने पहिले जनुक पचवल्याचे 2010 मध्ये गुजरातेत खुद्द कंपनीनेच कबूल केले. दोन जनुकांच्या बोलगार्ड-2 चा 2017 मध्ये तिने महाराष्ट्रात फडशा पाडला. आम्हीही मदतीला कमी पडलो नाही: अळीचा प्रतिकार रोखायला कडेने लावायचे बिगर-बीटीचे पाकीट फेकले आणि हंगामानंतरही कपाशी उभी, म्हणजे फरदड, ठेवून बाईंच्या मुक्कामाची सोय केली.

सरकारने यावर तोडगा काढला. लवकर पेरा होऊ नये म्हणून बियाणे विक्रीच लांबवली. मेमध्ये बागायती कपाशी लावणारे आमचे भाऊ मग सातपुड्यापलीकडे, मध्य प्रदेशातल्या दुकानांत दिसू लागले.

2016 मध्ये सरकारने मोन्सँटोच्या जनुकाची रॉयल्टी पाकिटामागे 49 रुपयांवर आणली. किंमत आणि परवान्याच्या अटींवरून भांडण जुंपले. महिकोने तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या वाणाचा अर्ज मागे घेतला. 2018 मध्ये खुद्द मोन्सँटो बायरच्या पोटात गेली. वावरात मात्र तेच तणनाशक सहन करणारे बियाणे विनापरवाना, ‘चोर बीटी’ म्हणून पोचलेच. ना करार, ना पावती, ना उगवणीची हमी. बुडाले तर तक्रार कोणाकडे करणार?

पुढचा परदेशी गुंतवणूकदार आला की करारात एकच कलम घाला: तंत्र अळीला कळण्याआधी आमच्या शास्त्रज्ञांना कळले पाहिजे.