भरवशाचा जिल्हा

परवा यवतमाळच्या दत्त चौकातल्या पानठेल्यावर अभिनेते भरत गणेशपुरेंचा विषय निघाला. "आपल्या इकडचा हाय ना थो!" एकजण छाती फुगवून म्हणाला. माणूस मूळचा अमरावतीचा. पण टीव्हीवर कोणी 'काऊन बे' म्हटलं की जिल्ह्याच्या सीमा पुसल्या जातात आणि अख्खं वऱ्हाड मामेभाऊ होतं. मी विचारलं, त्यांच्या एखाद्या सिनेमाचं नाव सांगा. ठेलेवाल्याचा पन्नीवर खर्रा घोटणारा हात थांबला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "चला हवा येऊ द्या." ते सिनेमात धरायचं की नाही, यावर मग दोन खर्ऱ्यांइतका वाद झाला.

सहकलाकाराचं असंच असतं. विजू खोटेंनी हिंदी-मराठीत शेकड्यांनी कामं केली. २०१९ साली ते गेले तेव्हा लोकांना आठवला तो 'शोले'तला कालिया, म्हणजे १९७५ सालची काही मिनिटं. जगदीश राज यांनी तर १४४ सिनेमांत पोलीस इन्स्पेक्टर केला आणि गिनीज बुकात गेले. खऱ्या खात्यात असते तर एवढ्या सेवेत एखादी बढती तरी मिळाली असती.

आमच्या बोलीचीही तीच गत. मालिकेतला नायक प्रेमात पडतो तो प्रमाण मराठीत. वऱ्हाडीत त्याच्या गाडीचं पंक्चर तेवढं निघतं. वऱ्हाडी शेतकरी नायक झाला तो सतीश मनवरांच्या 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये, २००९ साली. तिथेही बायकोच्या जिवाला एकच घोर, की नवरा आत्महत्या तर करणार नाही? गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी, दोघांनीही कामं झकास केली. दोघंही पुण्याचे, हे आपलं जाता जाता.

पण सगळ्यात भरवशाचा सहकलाकार म्हणजे आमचा यवतमाळ जिल्हा. तरुणपणी यानेही मुख्य भूमिका केल्या. पुसदच्या नाईक घराण्याने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले. त्यातले वसंतराव ११ वर्षांहून जास्त त्या खुर्चीत होते. पण १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी बायको-लेकरांसह जीव दिला, आणि हळूहळू जिल्ह्याला एकच भूमिका चिकटली. कालियासारखी. 'आत्महत्याग्रस्त' हे विशेषण आता आमच्या पत्त्यात पिनकोडच्या आधी येतं.

भूमिका एकदा चिकटली की कामाला तोटा नसतो. जुलै २००८मध्ये अणुकरारावरून दिल्लीत सरकार पडायला आलं होतं, तेव्हा राहुल गांधींनी लोकसभेत जळक्याच्या शेतकरी विधवा कलावती बांदूरकरांची गोष्ट सांगितली. मार्च २०१४मध्ये आर्णी तालुक्यातल्या दाभडीला नरेंद्र मोदी 'चाय पे चर्चा'साठी आले. पक्ष वेगळे, दिग्दर्शक वेगळे, पण आमचं काम तेच: मागे उभं राहायचं, चेहरा सुकलेला ठेवायचा, पाहुण्याचं वाक्य संपलं की मान हलवायची. रिटेक लागत नाही. चेहरा तर मेकअपशिवायच तयार असतो.

एकदाच गंमत झाली. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला ९२वं साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला लेखिका नयनतारा सहगल येणार होत्या. ऐनवेळी त्यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं. आता फीत कोण कापणार? आयोजकांना आमच्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे आठवल्या. शेतकऱ्याची विधवा, आणि शेतकरी विधवांनीच साकारलेल्या 'तेरवं' नाटकातली कलाकार. बाई उभ्या राहिल्या आणि स्वतःचं बोलल्या. जिल्ह्याला बऱ्याच वर्षांनी मुख्य भूमिका मिळाली, तीही बदली कलाकार म्हणून.

तेव्हा निर्मात्यांना एकच विनंती. पुढच्या निवडणुकीत आम्हाला घ्यालच, त्याची काळजी नाही. तारखा मोकळ्याच आहेत. फक्त यावेळी आमच्या तोंडी दोन वाक्यं ठेवा. पहिलं कापसाच्या भावाचं असेल. दुसरं आम्ही ऐनवेळी सांगू.